शब्बाथ, रविवार आणि विसावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना संपल्यावर, बायबल-अभ्यासात किंवा रात्री उशिरा आलेल्या मेसेजमधून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काहींचं उत्तर पवित्र शास्त्रात सरळ मिळतं, काहींवर ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) शतकानुशतकं मतभेद आहेत. जिथे मतभेद आहेत तिथे तसं सांगितलं आहे आणि आमचं मतही दिलं आहे.

आठवड्यातला एक दिवस वेगळा ठेवायचा, हे आलं कुठून?

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातून. सहा दिवसांत सृष्टी घडवल्यावर देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, त्या दिवसाला आशीर्वाद दिला आणि तो पवित्र ठरवला. विसाव्याच्या या दिवसालाच शब्बाथ म्हणतात. देव दमला होता म्हणून थांबला असं नाही. काम पुरं झालं होतं आणि ते फार चांगलं झालं होतं. मनुष्य सहाव्या दिवशी निर्माण झाला, हेही लक्षात घ्या. म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला पहिला अख्खा दिवस विसाव्याचा होता. कामाला हात त्यानंतर लागला.

सीनाय डोंगरावर आज्ञा मिळण्याआधीच इस्राएली लोकांना हा दिवस रानात शिकायला मिळाला (निर्गम १६). सकाळी दव उडालं की जमिनीवर हिमकणांसारखा बारीक मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, दिसायचा. तो त्या दिवसापुरताच गोळा करायचा. उद्याची सोय म्हणून कुणी ठेवलाच, तर त्यात किडे पडायचे आणि घाण सुटायची. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचा आणि तो सातव्या दिवशीही ताजा राहायचा. तरीही काही जण सातव्या दिवशी भांडी घेऊन बाहेर पडलेच आणि रिकाम्या हाती परतले. पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत राबलेल्या माणसांना थांबायचं कसं हे देवाने आधी रोजच्या भाकरीतून शिकवलं. आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या नंतर आल्या.

दहा आज्ञांमध्ये या दिवसाचं कारण काय सांगितलं आहे?

कारणं दोन आहेत आणि ती दोन ठिकाणी आहेत. निर्गमाच्या २० व्या अध्यायात सृष्टीचं कारण आहे: देवाने विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. अनुवादाच्या ५ व्या अध्यायात तीच आज्ञा पुन्हा येते, पण कारण बदलतं: तुम्ही मिसर (इजिप्त) देशात दास होता आणि देवाने तुम्हाला तिथून बाहेर काढलं, याची आठवण ठेवा. म्हणून मुलगा-मुलगी, दास-दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका, सगळ्यांना विसावा. दासदासींनाही तुमच्यासारखाच विसावा मिळावा, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

हे दुसरं कारण आपल्या संदेशांमधून फार कमी ऐकू येतं, आणि आमच्या मते या आज्ञेचा प्राण तिथेच आहे. सुट्टी आपण स्वतःपुरती घेतो. शब्बाथ मात्र आपल्या हाताखालच्या माणसालाही द्यावा लागतो. ज्याला कधीच ‘आज नाही’ म्हणता येत नव्हतं, त्याला तसं म्हणण्याचा हक्क देवाने या आज्ञेतून दिला. पुढचे बरेच प्रश्न याच ठिकाणी येऊन सुटतात.

(काही मंडळ्या हिला चौथी आज्ञा म्हणतात; कॅथलिक आणि लूथरन परंपरेत ती तिसरी मोजतात. आज्ञा तीच आहे.)

शब्बाथ तर शनिवारी येतो. मग बहुतेक ख्रिस्ती लोक रविवार का पाळतात?

कारण प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी मेलेल्यांतून उठला. चारही शुभवर्तमानं हा दिवस आवर्जून नोंदवतात. त्याच संध्याकाळी दारं बंद करून बसलेल्या शिष्यांमध्ये तो येऊन उभा राहिला आणि आठवड्याने, थोमा हजर असताना, पुन्हा आला (योहान २०). पुढे त्रोवस इथे शिष्य पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमलेले दिसतात (प्रेषितांची कृत्ये २०). करिंथच्या मंडळीने दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी वर्गणी बाजूला काढून ठेवावी असं पौल लिहितो, आणि प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायात योहान ‘प्रभूच्या दिवसा’चा उल्लेख करतो.

शब्बाथ शनिवारवरून रविवारी हलवला, अशी थेट आज्ञा नव्या करारात कुठेही नाही. हे मान्य केलेलं बरं. मंडळी पुनरुत्थानाच्या दिवशी जमू लागली आणि हळूहळू विसाव्याचा दिवसही तोच झाला.

रविवार कॉन्स्टंटाइन बादशहाने सुरू केला, असं ऐकलं. खरं आहे का?

नाही. इ.स. ३२१ च्या मार्चमध्ये त्याने कायदा केला, तो सुट्टीचा. न्यायाधीशांनी, शहरातल्या लोकांनी आणि कारागिरांनी सूर्याच्या दिवशी काम थांबवावं. शेतकऱ्यांना मात्र पेरणीचा मोसम हातचा जाऊ नये म्हणून मोकळीक होती. पण ख्रिस्ती लोक त्या दिवशी जमत होते ते याच्या कितीतरी आधीपासून. इ.स. १५५ च्या सुमाराला जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोमच्या सम्राटाला उद्देशून जे निवेदन लिहिलं, त्यात रविवारच्या सभेचं वर्णन आहे: शहरातले आणि खेड्यापाड्यांतले लोक एकत्र येतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जातात, वडील बोध करतात, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, मग भाकर आणि द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी सेवक तो वाटा घरी घेऊन जातात. ऐपतीप्रमाणे जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी आणि तुरुंगातले लोक यांच्यासाठी वापरलं जातं.

त्या काळात रविवार हा कामाचा दिवस होता, हे विसरू नये. इ.स. ११२ च्या सुमाराला प्लिनी या रोमी अधिकाऱ्याने ट्राजान सम्राटाला कळवलं की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं गीत गातात. अंधारात उठायचं, उपासना करायची आणि आपापल्या कामाला लागायचं, असा त्यांचा क्रम असणार. पुढे इ.स. ३०४ मध्ये, छळाच्या काळात, आजच्या ट्युनिशियातल्या अबितिना गावचे ४९ विश्वासी रविवारी जमल्याबद्दल पकडले गेले. कार्थेजमध्ये चौकशी झाली, तेव्हा आपल्या घरात सभा भरू देणाऱ्या एमेरितसने सांगितलं की प्रभूच्या दिवसाच्या या मेळ्याशिवाय आम्हाला राहताच येत नाही. कॉन्स्टंटाइनची सुट्टी यानंतर १७ वर्षांनी आली.

मग शनिवार पाळणाऱ्या मंडळ्या चुकीच्या आहेत का?

आम्ही तसं म्हणणार नाही. सेव्हन्थ-डे बॅप्टिस्ट मंडळ्या १७ व्या शतकापासून आणि सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी १८६३ मध्ये रीतसर स्थापन होण्याआधीपासून शनिवार पाळतात, आणि त्यांचा आधार चौथी आज्ञाच आहे. इथिओपियातली प्राचीन ऑर्थोडॉक्स मंडळी तर दोन्ही दिवसांना मान देते. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात पौल म्हणतो की कुणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, कुणी सगळे सारखे मानतो. प्रत्येकाची आपल्या मनाशी पुरती खात्री असावी. दिवस कोणता यावरून जे मंडळीतल्या भावाला तोडून टाकतात, त्यांनी हा अध्याय शेवटपर्यंत वाचावा.

ख्रिस्ताने आम्हाला नियमशास्त्रापासून मोकळं केलं. मग दिवस पाळण्याची गरजच काय?

शब्बाथावरून कुणी तुमचा न्याय करू नये, असं कलस्सैकरांस पत्र (२:१६-१७) सांगतंच. त्यामुळे दिवस पाळल्याने तारण (पापातून सुटका) मिळत नाही आणि चुकला म्हणून तारण जातही नाही. इथवर बहुतेक सगळ्या मंडळ्यांचं एकमत आहे. पुढे वाटा फुटतात. १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार (मंडळीच्या श्रद्धेचं लेखी निवेदन) रविवारला ख्रिस्ती शब्बाथ मानतो आणि आज्ञा कायम आहे असं म्हणतो. १५३० चा ऑग्सबर्ग विश्वासांगीकार मात्र, लोकांना कधी एकत्र यायचं हे कळावं म्हणून मंडळीने हा दिवस नेमला, अशी भूमिका घेतो.

आम्हाला असं वाटतं, की मोकळीक मिळाली म्हणून विसावा फेकून द्यायचा ही विचित्र मोकळीक झाली. आज कुणाच्याही पाठीवर मिसरी मुकादमाचा कोरडा नाही, तरी माणसं सातही दिवस राबतात आणि आपण मोकळे आहोत असं म्हणतात. इब्री लोकांस पत्राचा ४ था अध्याय सांगतो की देवाच्या लोकांसाठी विसावा अजून राहिला आहे, आणि त्या विसाव्यात गेलेला माणूस आपल्या कृत्यांपासून विसावा घेतो. कामावर आपली किंमत ठरत नाही हे ज्याला ख्रिस्तात कळलं, त्याला एक दिवस काम खाली ठेवायला भीती वाटायचं कारण उरत नाही.

येशूने स्वतः शब्बाथ मोडला होता ना?

परूशांनी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी गटाने, लावलेले निर्बंध त्याने मोडले. शब्बाथ त्याने पाळला. त्या दिवशी सभास्थानात जाण्याचा त्याचा परिपाठ होता (लूक ४:१६).

लूकच्या १३ व्या अध्यायातला प्रसंग सावकाश वाचा. सभास्थानात एक बाई आहे. १८ वर्षं ती कमरेत वाकलेली आहे, तिला सरळ उभं राहताच येत नाही. म्हणजे इतकी वर्षं तिला समोरच्याचा चेहरा धड दिसलेला नसणार; दिसत असतील ती पावलं. तिने काही मागितलेलं नाही. येशू तिला पाहतो, जवळ बोलावतो, तिच्यावर हात ठेवतो आणि ती सरळ होऊन देवाचं गौरव करू लागते. सभास्थानाचा अधिकारी संतापतो, पण येशूशी न बोलता लोकांवर डाफरतो: कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा. यावर येशू विचारतो, शब्बाथाच्या दिवशी तुम्ही बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेत नाही का? मग १८ वर्षं बांधून ठेवलेल्या या अब्राहामाच्या कन्येला याच दिवशी सोडवायला नको होतं का?

अनुवादातलं कारणच तो बोलून दाखवतो आहे. हा दिवस बांधलेल्यांना सोडवण्याचा आहे. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही, हे त्याचं वाक्य (मार्क २:२७) याच अर्थाने घ्यावं. ‘म्हणून शब्बाथाची गरज नाही’ असा त्याचा अर्थ लावणारे वाक्याचा पहिला अर्धा भाग विसरतात.

या दिवशी नेमकं काय करायचं नाही? यादी मिळेल का?

यादी देत नाही, कारण यादी हातात आली की माणूस पळवाटा शोधू लागतो. जुन्या शिक्षकांनी गरजेची कामं आणि दयेची कामं यांना नेहमीच मोकळीक दिली आहे. खड्ड्यात पडलेलं मेंढरू वर काढायचं, तान्ह्या मुलाचं करायचं, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं, यात विचारण्यासारखं काही नाही. बाकीच्या कामांना एक कसोटी लावून पाहा: हे उद्यावर टाकलं तर कुणाचं काही बिघडेल का? बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ असं येतं. आणि जे काम स्वतः न करता दुसऱ्याकडून करून घेता, त्यालाही हीच कसोटी लावा.

माझी ड्युटीच रविवारी असते. मी काय करू?

रुग्णालयातली नर्स, बसचा ड्रायव्हर, वीजकेंद्रातला कामगार, पहाऱ्यावरचा शिपाई यांनी अपराधी वाटून घेऊ नये. तुमच्या कामामुळे कुणाचा तरी जीव सुरक्षित आहे. आठवड्यातला दुसरा दिवस ठरवा आणि तो रविवारइतकाच मनापासून जपा. उपासनेसाठी मात्र इतरांबरोबर जमण्याची काहीतरी वाट काढा. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळचा मिस्सा (मुख्य उपासना) रविवारचा म्हणून धरला जातो. इतर मंडळ्यांतही बऱ्याच ठिकाणी संध्याकाळची किंवा मधल्या वारची सभा असते. शिफ्ट बदलून मिळण्यासारखी असेल तर साहेबांना स्पष्ट विचारा, आणि बदल्यात इतरांना नकोशी वाटणारी एखादी शिफ्ट स्वतः घ्यायची तयारी दाखवा.

मंडळीलाही इथे काही सांगायचं आहे. जो सलग चार रविवार दिसला नाही त्याची ‘थंड पडला’ अशी चर्चा करण्याआधी, तो कुठल्या शिफ्टला आहे ते विचारा आणि त्याच्या वेळेला त्याच्या घरी जा.

आमच्याकडे रविवारी घरातल्या बाईला उलट जास्तच काम पडतं. हा कसला विसावा?

हा विसावा नव्हेच. उपासनेहून आल्यावर बाकीचे हातपाय पसरून बसतात आणि ती पर्स खुंटीला अडकवून तशीच ओट्यापाशी उभी राहते. पाहुणे येतात, पंगत लांबते, भांड्यांचा ढीग पडतो आणि संध्याकाळी तिच्या हातात सोमवारच्या डब्याची तयारी. आज्ञेत मुलगा, मुलगी, दासी, बैलसुद्धा मोजला आहे. तिच्या घरात तिलाच वगळून शब्बाथ पाळला जात असेल, तर तो पाळला गेला असं म्हणता येणार नाही.

उपाय साधा आहे, पण पुरुषांनी आणि मुलांनी हालचाल केली तरच जमतो. स्वयंपाकाचं होईल तेवढं शनिवारीच उरकायचं. रविवारी जेवण साधं ठेवायचं, आणि त्याची लाज वाटू द्यायची नाही. भांडी बाकीच्यांनी घासायची. घरकामाला बाई येत असतील तर त्यांना पगार न कापता त्या दिवशी सुट्टी द्या. त्या ख्रिस्ती आहेत की नाहीत हा प्रश्नच येत नाही. आज्ञेत परक्यालाही विसावा सांगितला आहे.

घरी बसून ऑनलाइन उपासना ऐकली तर चालेल का?

आजारी, वृद्ध, प्रवासात अडकलेले, लहान बाळ असलेले यांच्यासाठी ती देणगीच आहे. पण अंगात बळ असताना आणि जवळ मंडळी असताना सवयीने घरी राहणं वेगळं. आपलं एकत्र मिळणं सोडू नये, असं इब्री लोकांस पत्र (१०:२५) सांगतं, आणि त्याचं कारण एकमेकांना उत्तेजन देणं हे आहे. पडद्यावरून संदेश पोहोचतो. शेजारच्या बाकावरच्या माणसाचे डोळे सुजलेले आहेत हे मात्र दिसत नाही.

मुलांचे सामने आणि क्लास रविवारीच ठेवतात. परीक्षाही तोंडावर असते. मग?

निर्गम ३४:२१ मध्ये एक अवघड ओळ आहे: नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घ्यायचा. शेतकऱ्यासाठी ते वर्षातले सगळ्यात घाईचे दिवस. देवाने नेमके तेच नाव घेऊन सांगितले. परीक्षेचे दिवस हे विद्यार्थ्याच्या कापणीचेच दिवस आहेत. सहा दिवसांचं वेळापत्रक नीट आखून सातव्या दिवशी पुस्तक मिटणाऱ्या मुलाचं नुकसान होत नाही, उलट सोमवारी तो ताज्या डोक्याने बसतो, असं आमचं मत आहे. पेपरच रविवारी असेल तर तो खुशाल द्यावा, आणि विसाव्यासाठी दुसरा दिवस काढावा.

खेळांबद्दल बोलताना एरिक लिडेल यांचं नाव निघतंच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून ते त्या शर्यतीत धावलेच नाहीत. ४०० मीटरमध्ये उतरले आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. ही गोष्ट सगळे सांगतात. त्यांच्या आयुष्याच्या अखेरची गोष्ट कमी सांगितली जाते. चीनमध्ये मिशनरी असताना ते जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत अडकले. तिथल्या कंटाळलेल्या मुलांनी रविवारी खेळ मांडला आणि त्यात मारामारी झाली, तेव्हा पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उभे राहिले. स्वतःच्या पदकासाठी त्यांनी दिवस मोडला नव्हता; मुलांसाठी मात्र ते आपला नियम बाजूला ठेवून गेले. १९४५ मध्ये त्याच छावणीत त्यांचं निधन झालं. मुलांना दोन्ही गोष्टी सांगा.

धंदा एक दिवस बंद ठेवला तर गिऱ्हाईक शेजारी जाईल.

काही वेळा जाईलही. ते होणार नाही असं वचन आम्ही देऊ शकत नाही. ही चिंता जुनी आहे: शब्बाथ कधी संपतो आणि गहू कधी विकायला काढतो, असं म्हणत बसलेल्या व्यापाऱ्यांना आमोसने (८:५) फटकारलं आहे, आणि तेच लोक मापात पाप करत होते हेही त्याच ओळीत सांगितलं आहे. नहेम्याने तर शब्बाथाच्या आदल्या संध्याकाळी अंधार पडू लागताच यरुशलेमच्या वेशी बंद करवल्या; व्यापारी एकदोनदा तटाबाहेर मुक्काम ठोकून राहिले, मग दम भरल्यावर यायचे थांबले (नहेम्या १३). एक दिवस दार लावणं हा मान्ना न साठवण्याचाच प्रकार आहे. दुकानात नोकर असतील तर त्यांचा विचार करा. तुमच्या एका कुलपाने त्यांचीही घरं त्या दिवशी भरलेली राहतात.

दुपारी झोपलो तर?

झोपा. निवांत झोपा.

पाळक, गायकवर्ग आणि संडे स्कूलच्या शिक्षकांनी विसावा कधी घ्यायचा?

मंदिरातले याजक शब्बाथाच्या दिवशी काम करत आणि तरी निर्दोष असत, याची आठवण येशूने करून दिली (मत्तय १२:५). पण पाळकांना दुसरा दिवस मिळायलाच हवा, आणि त्या दिवशी अंत्यविधी किंवा जिवावरचा प्रसंग सोडून त्यांना फोन करायचा नाही हे मंडळीच्या समितीने ठरवून जाहीर करावं. पाळक स्वतः ते मागणार नाहीत. गायकवर्गात आणि संडे स्कूलमध्ये आळीपाळी ठेवा, म्हणजे प्रत्येकाला काही रविवार नुसतं बाकावर बसून ऐकता येईल.

मोबाईलचं काय?

आदल्या रात्री ऑफिसच्या ग्रुपची सूचना बंद करा. पवित्र शास्त्र त्या दिवशी छापील उघडा. बाकी ज्याने त्याने ठरवावं.

शांत बसलं की अस्वस्थ वाटतं, अपराधी वाटतं. हे कधी जातं?

सुरुवातीला बहुतेकांना असंच होतं. काम थांबलं की आठवडाभर दाबून ठेवलेलं दुःख, राग, थकवा वर येतो. तो दिवस बिघडला असं समजू नका. ते सगळं प्रार्थनेत देवापुढे आणण्यासाठीच वेळ मोकळा झाला आहे. स्तोत्र ९२ हे शब्बाथ दिवसासाठीच लिहिलेलं गीत आहे, ते मोठ्याने वाचून सुरुवात करा. मग फिरायला जा, कुणा एकट्या राहणाऱ्याला भेटा, मुलांशी खेळा. यशया (५८:१३) या दिवसाला आनंदाचा दिवस म्हणायला सांगतो. पण हे दडपण महिनोन्‌महिने हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा.

सुरुवात कशी करावी?

शनिवार संध्याकाळपासून. रविवार बिघडतो तो बहुतेक वेळा शनिवारी रात्री. कपडे इस्त्री करून ठेवा, सामान आधीच भरा, उरलेलं बिल भरून टाका, वेळेवर झोपा. पूर्ण दिवस झेपत नसेल तर उपासना आणि त्यानंतरची दुपार एवढंच आधी धरा.

घरातले बाकीचे विश्वासात नाहीत. त्यांना हे पटत नाही.

मग त्यांच्यावर लादू नका. उपासनेची वेळ तेवढी प्रेमाने, पण ठामपणे मागून घ्या आणि कुठे जाता, कधी परत येता हे स्पष्ट सांगा. परत आल्यावर त्यांच्यासाठी वेळ काढा. त्यांना आवडतं ते करा, त्यांच्या हातचं एखादं काम आपल्याकडे घ्या. रविवार आला की तुम्ही घरात चिडचिडे होता, की जवळ येऊन बसता, हे ते पाहत असतात. एखाद्या रविवारी घरच्या अडचणीमुळे निघता आलं नाही, तर त्यावरून भांडू नका. मंडळीत विश्वासातल्या एकदोघांना तुमची परिस्थिती सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही दिसला नाहीत तर ते चौकशी करतील आणि मधल्या वारी तुमच्याबरोबर प्रार्थनेला बसतील.